पशुवैद्यकात विषाणू आणि लशींवर पदव्युत्तर संशोधन : नेमकं काय काम असतं?

सह्याद्रीची_लेक

बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न इथे दर काही महिन्यांनी येतो. उत्तरं ठरलेली असतात. एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी व्हा, स्वतःची प्रॅक्टिस टाका, पोल्ट्रीत जा, नाहीतर परदेशाची तयारी करा. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन विषाणूंवर काम करा असं सांगणारं कुणी भेटत नाही. मी एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही याच विषयात केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताजं उदाहरण गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीचंच घेऊ. हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ साली, आजच्या झांबियात. आपल्याकडे तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि २०२२ मध्ये गुजरात-राजस्थानपासून महाराष्ट्रापर्यंत पसरला. त्या एका वर्षात देशभरात दीड लाखाहून जास्त जनावरं मेल्याची सरकारी नोंद आहे. तेव्हा आपल्याकडे लम्पीची स्वतःची लस वापरात नव्हती. गाईंना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस, उत्तरकाशी या स्ट्रेनची, म्हणजे विषाणूच्या वाणाची. दोन्ही विषाणू कॅप्रीपॉक्स या एकाच गटातले, त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही बऱ्यापैकी आवरते.

याच काळात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात गाईंच्या लशीवर काम चालू होतं. हो, घोड्यांच्या संस्थेत! पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह त्याच संस्थेकडे आहे, विषाणू वाढवण्याचा हात तिथल्या लोकांना आहे. रांचीच्या जनावरांतून २०१९ मध्ये मिळालेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत वाढणाऱ्या व्हेरो पेशींवर ५० वेळा वाढवला. एका फ्लास्कमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. असं करता करता विषाणू त्या पेशींना सरावतो आणि गाईत रोग करण्याची त्याची ताकद ओसरते. पुढच्या चाचण्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेबरोबर झाल्या आणि १० ऑगस्ट २०२२ ला लम्पी-प्रोव्हॅक-इंड ही लस जाहीर झाली. त्याच डिसेंबरात तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेशी, म्हणजे आपल्या औंधच्या संस्थेशी, करार झाला.

बातमीत हे सगळं चार ओळींत संपतं. विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं ते त्या चार ओळींच्या मधलं काम. आधी नमुना. गाठीवरची खपली काढायची, रक्त घ्यायचं, नाकातला स्राव घ्यायचा, सगळं बर्फात ठेवून वेळेत प्रयोगशाळेत आणायचं. लम्पीचा विषाणू त्यातल्या त्यात चिवट आहे, वाळक्या खपलीतही महिनाभर टिकतो. तोंडाला-खुरांना फोड आणणाऱ्या लाळ्या खुरकुताचा विषाणू मात्र नमुन्याची आम्लता जरा वाढली की संपतो. मग पेशी वाढवायच्या, त्यांचा थर सलग झाला की त्यावर नमुना सोडायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला पेशी गोल होऊ लागतात, थर फाटतो. ते खरंच विषाणूमुळे झालं की बुरशीमुळे की मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूमुळे, हे आधी सिद्ध करायचं. मग पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य ओळखणारी चाचणी), जनुकक्रम, टायट्रेशन (नमुन्यात विषाणू किती ते मोजणं). रीड आणि म्युएंच यांनी १९३८ मध्ये दिलेल्या पद्धतीने आजही आपण टीसीआयडी५०, म्हणजे पेशींच्या निम्म्या नमुन्यांना लागण करणारी विषाणूची मात्रा, काढतो. त्यानंतर प्रतिपिंडं मोजण्याच्या चाचण्या, आणि जनावरांवर प्रयोग करायचा असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगी.

माझं म्हणणं एवढंच, की लशींवर काम करायची इच्छा असेल त्याने गोठा सोडू नये. विद्यापीठांच्या कपाटांत जे प्रबंध साठतात त्यांतले कितीतरी 'अमुक विषाणूचं पीसीआरने निदान' एवढ्यावर थांबतात. जनावराचं वय काय, लस कधी टोचली, कोणत्या बाजारातून आणलं, गोठ्यात आणखी कोणाला ताप होता, यातलं काहीच त्यात नसतं. असा नमुना कितीही चांगल्या यंत्रात घाला, त्यातून निघणारा निष्कर्ष लंगडाच राहतो.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

तापीकाठचा_शेतकरी

मॅडम, चांगलं लिहिलं. २०२२ ला राज्यातली पहिली केस आमच्याच रावेर तालुक्यात, चिनावलला निघाली. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. नंतर बैलबाजार बंद झाले, बैलपोळाही कसातरी झाला. आमचा एक बैल गेला. त्याला लस टोचून आठवडाच झाला होता. सरकारने बैलाचे २५ हजार दिले, ते मिळाले, तक्रार नाही. पण गावात तेव्हापासून बसलंय की लशीनेच रोग येतो. आमच्या चुलत्यांनी गेल्या साली लसवाल्यांना गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. त्यांना काय सांगू?

सह्याद्रीची_लेक

दादा, बैल गेल्याचं वाचून वाईट वाटलं. घरच्या बैलाची किंमत २५ हजारांत भरून निघत नाही.

चुलत्यांना असं सांगा. लागण झाल्यापासून गाठी दिसेपर्यंत चार दिवसही लागतात आणि चार आठवडेही. लस टोचल्यावर अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती यायला दोन ते तीन आठवडे जातात. रोग गावात शिरल्यावर भोवतालच्या पाच किलोमीटरमध्ये लसीकरण झालं, तेव्हा टोचलेल्या जनावरांपैकी काहींच्या अंगात विषाणू आधीच होता. त्यांना लशीचा उपयोग व्हायला वेळच मिळाला नाही. गोमाश्या, डास, गोचीड हा रोग पसरवतात, आणि तुमच्याकडे ऑगस्टात त्यांना तोटा नसतो.

आता लोकांच्या संशयाबद्दल. लम्पीच्या जिवंत लशीने काही जनावरांना टोचल्या जागी सूज येते, एखाद-दोन दिवस ताप येतो, दूध थोडं उतरतं. हे खरं आहे आणि लपवू नये. दुसरी गोष्ट सुईची. एकच सुई गोठाभर फिरवली तर आजारी जनावराचा विषाणू धडधाकट जनावराला आपणच टोचतो. दर जनावराला नवी सुई मागणं हा तुमचा हक्क आहे. चुलत्यांना म्हणावं, लस नाकारू नका, सुई बदलायला लावा.

निवृत्त_एलडीओ

वरचा सुईचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्या काळी काचेची सिरिंज आणि उकळलेल्या सुया असायच्या, पुढे डिस्पोजेबल आल्या, तरी सवय मोडायला फार वर्षं गेली.

तरुण मंडळींसाठी थोडा इतिहास. जिला आज सगळे इज्जतनगरची संस्था म्हणतात ती मुळात पुण्याची. १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून सुरू झाली, डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. गुरांच्या बुळकांडीसारख्या साथीच्या रोगावर भरवस्तीत काम करणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख स्वतः तिथे येऊन गेले.

बुळकांडी हा शब्द आता शिवीपुरता उरलाय, पण त्या रोगाने गावंच्या गावं बिनबैलाची केली होती. मुक्तेश्वरला एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात तो विषाणू शेळ्यांतून पुढे पुढे नेऊन मवाळ केला. ती लस देशी गुरांना चालायची. संकरित आणि विदेशी जनावरांना झेपायची नाही, काही दगावायची. नंतर केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू नव्वदेक वेळा वाढवून जी लस केली ती सगळ्या जातींना चालली. १९५४ पासून आपल्याकडे निर्मूलनाचा कार्यक्रम होता, भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा, आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. माणसांची देवी सोडली तर मुद्दाम संपवलेला हा एकच रोग.

ताईंनी लिहिलेलं '५० वेळा वाढवला' वाचून हे आठवलं. पद्धत तीच, शंभर वर्षांपूर्वीची.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. शेवटच्या टप्प्यात सगळ्यात अवघड काम होतं लस थांबवणं. लस टोचत राहिलो तर रक्तातली प्रतिपिंडं लशीची की रोगाची, हे त्या काळच्या चाचण्यांना कळत नव्हतं. म्हणून लस बंद केली, वर्षानुवर्षं गावोगावचं रक्त तपासलं, तेव्हा देश रोगमुक्त असल्याचं सिद्ध झालं. त्या काळात गुराला हगवण लागली आणि तोंडात व्रण दिसला की आमची झोप उडायची.

मानसी_प

अप्रतिम धागा! मी माणसांच्या लशींच्या बाजूची, एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. काकांच्या शेवटच्या मुद्द्यावर विचारते. आता तर लस टोचलेलं आणि रोग झालेलं जनावर वेगळं ओळखता येतं ना? आणि लाळ्या खुरकुताला वर्षातून दोनदा टोचावं लागतं, तर तिथे एमआरएनए का वापरत नाहीत?

सह्याद्रीची_लेक

हो, ओळखता येतं, आणि लाळ्या खुरकूत हेच त्याचं उत्तम उदाहरण. ती लस मारलेल्या विषाणूची. बीएचके-२१ या प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणू वाढवायचा, बायनरी इथिलीनइमिन या रसायनाने निष्क्रिय करायचा आणि गाळून, शुद्ध करून फक्त त्याचं कवच ठेवायचं. विषाणू जनावराच्या पेशीत प्रत्यक्ष वाढतो तेव्हा कवचाबाहेरची काही प्रथिनं तयार होतात. शुद्ध लशीत ती नसतात. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली तर जनावराला खरी लागण होऊन गेली असं धरतात. पण लस नीट शुद्ध केलेली नसेल तर ही चाचणी फसते. लस कारखान्यात कशी गाळली यावर तालुक्यातल्या रक्ततपासणीचा निकाल ठरतो, हे मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

दोनदा का टोचावं लागतं? मारलेल्या विषाणूची प्रतिकारशक्ती अल्पजीवी असते. त्यात आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकाची लस दुसऱ्याला उपयोगी नाही, म्हणून तिन्ही एका बाटलीत. शिवाय लशीचा जीव ज्या अखंड कणात असतो, त्याला १४६एस म्हणतात, तो उष्णतेने फुटतो. २ ते ८ अंशांची साखळी मे महिन्यात एका दुपारी तुटली तर बाटलीत पाणी टोचल्यासारखंच. एमआरएनएवर जगात प्रयोग चालू आहेत, पण २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभरातल्या गाई-म्हशींना सहा महिन्यांनी टोचायचं असतं. एका मात्रेची किंमत आणि शीतसाखळी, या दोन्हींत जे बसेल तेच गोठ्यापर्यंत पोचतं.

आणि हो, तुमच्यासारख्यांना दार बंद नाही. एम.व्ही.एस्सी.ला बी.व्ही.एस्सी. लागतेच, पण संशोधन प्रकल्पांवर एम.एस्सी. झालेल्यांना घेतात. माझ्या प्रयोगशाळेत पेशी सर्वांत निगुतीने सांभाळणारी मुलगी एम.एस्सी. झालेली होती.

पर्वतीची_मनी

विषय थोडा वेगळा, पण विचारते. आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्होची (उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य रोगाची) लस देऊनही पार्व्हो झाला. वाचला, पण लशीवरचा विश्वास उडाला.

सह्याद्रीची_लेक

विषय अजिबात वेगळा नाही. पिल्लाला आईच्या दुधातून तयार प्रतिपिंडं मिळतात. ती अंगात असेपर्यंत लशीतला विषाणूही मारून टाकतात, म्हणून लस वाया जाते. पुढे ती इतकी उतरतात की खरा विषाणू अडत नाही, पण लस मात्र अजूनही अडते. या मधल्या फटीत पिल्लं आजारी पडतात. म्हणून दोन मात्रांवर थांबायचं नाही, शेवटची मात्रा १६ आठवड्यांची झाल्यावर द्यायची. तुम्ही शेवटची कधी दिली होती?

पर्वतीची_मनी

दहाव्या आठवड्यात. पुढची लागते हे कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद, आता कळलं.

सास्काटूनकर

मी इथे कॅनडात सास्कॅचवान विद्यापीठात पशुरोगांच्या लशींवर पीएच.डी. करतोय. आमच्या आवारात व्हिडो नावाची संस्था आहे, १९७५ मध्ये वासरांच्या हगवणीवर काम करायला सुरू झालेली. आज तिथे मोठी जनावरं ठेवून बंदिस्त प्रयोग करता येतात, अशी सोय जगात थोड्याच ठिकाणी आहे.

मला मनापासून एक सांगायचं आहे. इथे यायच्या घाईत असलेल्यांनी आधी आपल्याकडची एम.व्ही.एस्सी. पूर्ण करावी. कॅनडातला लाळ्या खुरकुताचा शेवटचा उद्रेक १९५१-५२ चा, तोही याच सास्कॅचवानात. माझ्याबरोबरच्या हुशार मुलामुलींनी हा रोग फक्त चित्रात बघितला आहे. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना लाळ गाळणारी, लंगडणारी, कास सुजलेली जनावरं हाताने तपासली. चर्चेत मी जेव्हा सांगतो की जीभ सोललेली गाय वैरणीकडे तोंड नेते आणि परत फिरवते, तेव्हा खोलीतले सगळे थांबून ऐकतात. ही शिदोरी घरूनच आणावी लागते.

लशींच्या गुणवत्तेबद्दलही लिहितो, कारण लम्पीचा विषय निघाला आहे. २०१७ पासून रशियात आणि पुढे चीन, आग्नेय आशियात लम्पीचे संकरित विषाणू सापडू लागले, अर्धे रानटी, अर्धे लशीचे. २०२२ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी कझाकस्तानात वापरल्या गेलेल्या एका लशीचा जनुकक्रम काढला, तर त्या बाटलीत एकाऐवजी कॅप्रीपॉक्सचे अनेक विषाणू निघाले. त्यांचीच सरमिसळ होऊन नवे स्ट्रेन झाले. बाटलीत काय आहे हे तपासणारा माणूस लस शोधणाऱ्याइतकाच मोलाचा. तुमच्यापैकी कुणाला जैव पदार्थांच्या प्रमाणीकरणात रस असेल तर जरूर तिकडे वळा. त्या शाखेकडे कुणी बघत नाही आणि गरज फार आहे.

इंटर्न_उदगीर

ताई, धागा दोनदा वाचला. माझी इंटर्नशिप संपत आलीये. घरचे म्हणतात एमपीएससीच दे. मला विषाणूशास्त्र आवडतं, पण भीती वाटते की लाळ्या खुरकूत, बर्ड फ्लू यांवर आपल्या महाविद्यालयात कामच करता येत नाही, मग करायचं काय?

सह्याद्रीची_लेक

घरच्यांचं चुकत नाहीये, पगार हवाच. एम.व्ही.एस्सी. झाल्यावरही एमपीएससी देता येते, तो रस्ता बंद होत नाही. प्रवेशाचं म्हणशील तर राज्यात माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, महाविद्यालयं आहेत, आणि देशपातळीवर आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) परीक्षा देऊन इज्जतनगर किंवा इतर राज्यांतली विद्यापीठं.

बंधनांबद्दल तुझं बरोबर आहे. बर्ड फ्लू, आफ्रिकन स्वाइन फीव्हर यांचा जिवंत विषाणू हाताळायला भोपाळची उच्च सुरक्षा संस्था आहे. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा नमुने तिथेच गेले होते. पण जे करता येतं ते काय कमी आहे? शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर, देवी, कोंबड्यांची मानमोडी आणि गंबोरो, कुत्र्यांचा पार्व्हो, वासरांचा रोटा, आणि लम्पी. पीपीआर २०३० पर्यंत जगातून संपवायचं उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी आपली सुंगरी-९६ ही मुक्तेश्वरला तयार झालेली लस हाताशी आहे. बुळकांडीच्याच कुळातला विषाणू. काकांच्या पिढीने एक संपवला, दुसरा तुमच्या पिढीकडे आहे.

अडचणीही सांगते. फेलोशिप उशिरा येते. रसायनं मागवली की महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. एका ठिकाणी मी काम करत असताना सुट्टीच्या दिवशी वीज गेली, जनरेटर चालला नाही आणि उणे ८० च्या फ्रीजरमधला वर्षभराचा साठा वितळला. तेव्हापासून प्रत्येक विषाणूचा एक वाटा मी दुसऱ्या इमारतीत, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवते. तूही पहिल्या दिवसापासून ठेव. मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती शोधनिबंध आहेत हे नंतर बघ, त्यांचे जुने विद्यार्थी आज त्यांच्याशी बोलतात का हे आधी विचार.

इंटर्न_उदगीर

आणि विषय? दोन वर्षांत होईल असा, पण कपाटात न पडणारा.

सह्याद्रीची_लेक

मला आज निवडायचा असता तर हा घेतला असता: लम्पीची लस टोचलेल्या गाईंच्या वासरांना चिकातून मिळालेली प्रतिपिंडं किती आठवडे टिकतात, आणि वासराला पहिली लस केव्हा द्यावी. २०२३ मध्ये आपल्याकडे वासरं जास्त आजारी पडताना दिसली, क्षेत्रातले सगळे डॉक्टर हे सांगतील. वर पार्व्होची जी फट सांगितली तोच प्रश्न इथे आहे. याला उच्च सुरक्षा प्रयोगशाळा लागत नाही. ठराविक अंतराने रक्त, एलायझा (प्रतिपिंडं मोजणारी चाचणी), जमलं तर न्यूट्रलायझेशन (ती विषाणूला खरंच अडवतात का हे बघणारी चाचणी). खरी मेहनत गोठे जमवण्यात आणि नोंदींत आहे. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, आईला कोणती लस कधी टोचली, वासरू कधी जन्मलं, चीक कधी पाजला. या नोंदी पक्क्या असतील तर निघालेलं उत्तर थेट लसीकरणाच्या वेळापत्रकात जाऊ शकतं.

निवृत्त_एलडीओ

विषय उत्तम. उदगीरच्या परिसरात देवणी आणि लाल कंधारी आहेत, संकरितही आहेत. जातवार फरक पडतो का, तेही बघता येईल. दवाखान्यांतल्या जुन्या लसीकरण नोंदवह्या कशा वाचायच्या ते मी शिकवेन. व्यक्तिगत निरोप पाठव.

तापीकाठचा_शेतकरी

उदगीर आम्हाला लांब पडतं, पण कुणी इकडचं हे काम करणार असेल तर आमच्या गोठ्यात या. गाभण गाई आहेत, सगळ्यांना बिल्ले आहेत, लशीच्या तारखा वहीत आहेत. चुलत्यांनाही तयार करतो. चीक कधी पाजला ते लिहायचं, की किती पाजला ते?

सह्याद्रीची_लेक

दोन्ही लिहा दादा. व्यायल्यापासून पहिल्या दोन तासांत पाजला तर उत्तम, पहिल्या सहा तासांनंतर वासराच्या आतड्यातून प्रतिपिंडं कमी कमी शोषली जातात आणि दिवसाभरात ते जवळपास थांबतं. किती पाजला ते मापाच्या भांड्याने लिहा, अंदाजाने नको. वासरू थेट कासेला लागलं असेल तर तसं वेगळं लिहा. धुळे-जळगाव भागातलं कुणी पदव्युत्तर विद्यार्थी वाचत असेल तर मला निरोप करा, मी गाठ घालून देते.